प्लेटवर जांभळं वलय, ब्रॉथमध्ये कायटिनेज नाही

खानापूर_माती: खानापूरच्या तांबड्या मातीतला ट्रायकोडर्मा (इतर बुरशींवर जगणारी बुरशी). त्याचं कायटिनेज, म्हणजे कायटिन तोडणारं एन्झाइम, मोजतोय. कोलॉइडल कायटिन (आम्लात विरघळवून पुन्हा बारीक साका केलेलं) आणि ब्रोमोक्रेसॉल पर्पल (पीएचनुसार बदलणारा रंग) यांच्या प्लेटवर (पीएच 4.7) वलय छान येतं. ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) 1 टक्का कायटिन, 0.5 टक्का ग्लुकोज, 28 अंश, 150 आरपीएम. पाचव्या दिवशीही डीएनएसमध्ये (सुटलेली साखर रंगावरून मोजणारी चाचणी) ब्लँक (तुलनेचा कोरा नमुना) वजा केला की हाती काहीच लागत नाही. कुठे अडतंय?

निपाणी_लॅब: आधी ग्लुकोज काढा. आयती साखर असेपर्यंत बुरशी कायटिनकडे ढुंकूनही बघत नाही, जनुकं दबलेलीच राहतात. बायोमास हवा असेल तर दोन दिवस ग्लुकोजवर वाढवा, मायसेलियम (बुरशीचे तंतू) निर्जंतुक मलमलीतून गाळा, निर्जंतुक पाण्याने दोनदा धुवा आणि नुसत्या क्षार-कायटिनच्या माध्यमात टाका. मग रोज नमुना घ्या. सुरुवातीला एन्झाइम न विरघळलेल्या कायटिनलाच चिकटून बसतं, त्यामुळे सुपरनेटंटमध्ये (वरच्या निवळ द्रवात) कमी दिसतं.

चिकोडी_बायोकेम: डीएनएस इथे कमी संवेदनशील, शिवाय उरलेली साखरही त्यात मोजली जाते. डीएमएबी (कायटिन तुटून सुटणाऱ्या साखरेशीच रंग देणारं रसायन) वापरा. 0.5 मिली नमुना, 0.1 मिली 0.8 मोलर पोटॅशियम टेट्राबोरेट (पीएच 9.1), उकळत्या पाण्यात 3 मिनिटं. गार करून 3 मिली पातळ केलेलं डीएमएबी, 37 अंशांवर 20 मिनिटं, लगेच 585 नॅनोमीटरला रीडिंग. रंग टिकत नाही. ब्लँक उकळलेल्या एन्झाइमचा.

कायटिन कसं केलंत? 10 ग्रॅम पावडर, 100 मिली तीव्र एचसीएल, फ्यूम हूडमध्ये थोडी थोडी घालत. रात्रभर 4 अंशांवर, मग लिटरभर बर्फगार पाण्यात ओतायचं आणि पीएच 5 च्या वर येईपर्यंत धुवायचं. पेस्ट वाळवू नका, कडक चकत्या होतात आणि पुन्हा फुगत नाहीत. थोडी पेस्ट वेगळी वाळवून कोरडं वजन काढा, नाहीतर तुमचा '1 टक्का' बहुतेक पाणीच असतं. कारवारहून आणलेली सुंगटांची (कोळंबीची) टरफलं असतील तर आधी पातळ आम्लात चुना काढून घ्या, नाहीतर फेस येऊन अर्धं आम्ल वाया.

निपाणी_लॅब: आणि बिनकायटिनची प्लेट लावलीत का? पीएच चढला की जांभळं होतं, मग कारण कोणतंही असो.

खानापूर_माती: नाही, आता लावतो. स्ट्रेन आल्याच्या पिकातल्या कुजीविरुद्ध वापरायला हवा आहे.

चिकोडी_बायोकेम: मग कायटिनेजच्या आकड्यावर निवडू नका. कूज पिथियमची (बुरशीसारखा मातीतला रोगजंतू) असेल तर त्याची भिंत मुख्यतः ग्लुकन-सेल्युलोजची, कायटिनची नाही. ग्लुकनेज (ग्लुकन तोडणारं एन्झाइम) मोजा, ड्युअल कल्चर (दोघांना एकाच प्लेटवर समोरासमोर वाढवणं) लावा. भुईमुगाच्या स्क्लेरोशियम बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं, तिच्यासाठी मात्र हा आकडा कामाचा.