मदत हवी आहे : पणजोबा कुतच्या वेढ्यात गेले की कैदेत?

नमस्कार मंडळी. आमचं गाव खटाव तालुक्यातलं. पणजोबा पहिल्या महायुद्धात ११०व्या मराठा पलटणीत होते, मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) गेले ते परत आलेच नाहीत. घरात एवढंच सांगतात, "बसऱ्याला गेला."

हाताशी दोन वस्तू आहेत. एक पदक, त्याच्या कडेला बारीक इंग्रजी अक्षरांत शिपाई नंबर, नाव आणि पलटण. दुसरी बशीएवढी ब्राँझची चकती, युद्धात गेलेल्या शिपायाच्या घरी सरकार द्यायचं ती. आजी तिच्यानं ताकाचं मडकं झाकायची! चकतीवर नुसतं नाव आहे. हुद्दा नाही, तारीख नाही.

ही पलटण कुतच्या वेढ्यात होती, म्हणजे इराकातल्या कुत गावात तुर्कांनी इंग्रजांच्या फौजेला वेढलं होतं तिथे. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. फौज शरण गेल्यावर तुर्कांनी कैदी शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, बऱ्याच जणांना रास अल-ऐनला (आजच्या सीरियात) रेल्वेच्या कामाला जुंपलं. म्हणजे मृत्यूची तारीख मिळाली की निम्मा उलगडा झाला. पण बसऱ्याच्या स्मारकावर आपल्या साध्या शिपायांची नावं कोरलेली नाहीत, पलटणीखाली फक्त आकडा. (गोऱ्यांची मात्र नावानिशी. असो.)

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत शोधलं, पण आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग त्या काळी कारकुनानं काय केलं असेल देव जाणे. नुसत्या शिपाई नंबरावरून कुणी शोधलंय का? बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला पत्र कुणाच्या नावे, कसं लिहायचं? पणजीला पेन्शन होती म्हणतात, ते जुने कागद साताऱ्यात कुठे बघायचे?