३०९० ग्राफिक्स कार्डावर ट्रेनिंग चालू असताना मध्येच नॅन (‘हा आकडाच नाही’ अशी खूण). व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) गेलंय, की २४ जीबीच्या नव्या कार्डासाठी थांबू?

सातपूर_शेड:
नमस्कार मंडळी. सातपूर एमआयडीसीतल्या शेडमध्ये उबुंटूवर सेकंडहँड आरटीएक्स ३०९० आहे. द्राक्षाच्या पानांच्या फोटोंवरून डाऊनी आणि भुरी हे रोग ओळखणारं मॉडेल ट्रेन करतोय, एफपी१६ (१६ बिटांचे आकडे) मिक्स्ड प्रिसिजनमध्ये. काही तास सुरळीत चालतं आणि मग लॉस (मॉडेलच्या चुकीचं माप) एकदम नॅन होतो. स्क्रीनवर ठिपके नाहीत, रेषा नाहीत, गेमही व्यवस्थित चालतात. मेमरीचा ऑफसेट (मूळ वेगावर चढवलेली वाढ) +८०० आहे.
या कार्डात चूक पकडायची सोय आहे म्हणतात, मग काहीच कसं दिसत नाही? दुसरं, ५०८० सुपर २४ जीबीची आवई जोरात आहे, त्यात ईसीसी (उलटलेला बिट दुरुस्त करणारी सोय) असणार म्हणे. थांबावं का? ऑक्टोबर छाटणीच्या आत मॉडेल तयार हवं.

उलटा_बिट:
सोय आहे, पण फक्त वाटेवरची. चिप आणि जीपीयू यांच्यामधल्या तारांवरून डेटा जातो तेव्हा त्याच्यासोबत सीआरसी (पडताळणीचा आकडा) जातो. तो जुळला नाही की तेवढा डेटा पुन्हा पाठवला जातो. ही पद्धत कार्डाच्या मेमरीच्या जीडीडीआर५ या जुन्या पिढीपासूनची. ३०८० आणि ३०९० च्या वेळी, २०२० मध्ये, एनव्हिडियाने तिचा ईडीआर नावाने गाजावाजा केला. म्हणून ऑफसेट जास्त झाला तरी ठिपके येत नाहीत, नुसता वेग पडतो.
पण बिट चिपच्या आतच उलटला, तर चिप त्या चुकलेल्या डेटाचाच सीआरसी काढते आणि तो बरोबर जुळतो. पार्सलचं सील शाबूत, आतला आरसा आधीच फुटलेला. तिथे खरी ईसीसी लागते आणि साध्या ३०९० ला ती नाही. ३०९० टीआय आणि ४०९० ला आहे.

गंगापूररोड_जीपीयू:
दादा, कार्डाला दोष द्यायच्या आधी एफपी१६ तपासा. त्यात ६५५०४ च्या वरचा आकडा मावतच नाही, तो इन्फिनिटी होतो आणि पुढच्या वजाबाकीत नॅन. ३०९० ला बीएफ१६ (१६ बिटांचाच दुसरा प्रकार) येतं आणि त्याची रेंज ३२ बिटांच्या एफपी३२ एवढीच आहे. तो बदल एका ओळीचा आहे, पहिल्यांदा तोच करा.
मग सीड (रँडम आकड्यांची सुरुवात) पक्का करा, डेटाचा क्रम पक्का करा, डिटर्मिनिस्टिक मोड (दर वेळी तोच निकाल देणारा) चालू करा आणि नॅन कितव्या स्टेपला येतो ते लिहून ठेवा. दर वेळी त्याच स्टेपला आला तर कोड किंवा एखादा खराब फोटो. दर वेळी वेगळ्या स्टेपला आला तर हार्डवेअर. आणि हार्डवेअर म्हणजे फक्त व्हीरॅम नव्हे. मदरबोर्डवरच्या रॅमचं एक्सएमपी (वाढीव वेगाचं सेटिंग) बंद करून रात्रभर मेमटेस्ट८६+ लावा.

उलटा_बिट:
बरोबर. व्हीरॅमसाठी मेमटेस्ट_व्हल्कन वापरा. आधी ऑफसेट शून्यावर आणा, कार्ड अर्धा तास तापवा आणि मगच चालवा. थंड कार्डावरचा निकाल कामाचा नाही. पाच मिनिटांत तो पास म्हणेल, पण तिथे थांबू नका, दोन-तीन तास चालू द्या. शून्य ऑफसेटला एकच बिट एकाच पत्त्याच्या पट्ट्यात पुन्हा पुन्हा उलटत असेल तर बहुधा एक चिप गेली. चुका विखुरलेल्या आणि तापल्यावरच येत असतील तर कूलिंगकडे बघा.
शून्याला स्वच्छ निघालं तर २००-२०० ने चढवा आणि प्रत्येक पायरीला बँडविड्थ मोजा. क्लॉक वाढतोय आणि बँडविड्थ वाढत नाही किंवा घसरतेय, तिथे रिप्ले (डेटा पुन्हा पाठवणं) सुरू झाले. त्या खाली दोन पायऱ्या या. खरं तर ट्रेनिंगच्या मशीनवर ऑफसेट ठेवायचंच कारण नाही.
लिनक्समधला आकडा ट्रान्सफर रेटचा असतो हेही लक्षात घ्या. विंडोजवरच्या आफ्टरबर्नरमधले +४०० म्हणजे इथले +८००. यूट्यूबवरचे आकडे आंधळेपणाने उतरवू नका.

अंबड_लिंक_रोड:
पत्र्याची शेड आणि मे महिना असेल तर उत्तर बरंचसं तिथेच आहे. ३०९० वर एक जीबीच्या २४ चिप, त्यातल्या १२ मागच्या बाजूला, आणि बहुतेक मॉडेलमध्ये त्यांना गारवा फक्त बॅकप्लेटचा. जीडीडीआर६एक्स (३०९० ची मेमरी) ११० अंशांना स्वतःचा वेग कमी करते. लिनक्सवर एनव्हिडिया-एसएमआय (कार्डाची माहिती देणारी कमांड) या कार्डाचं मेमरी तापमान दाखवत नाही, विंडोजमध्ये एचडब्ल्यूइन्फोत ‘मेमरी जंक्शन’ बघा. शंभरच्या वर असेल तर बॅकप्लेटवर पंखा लावा, नाहीतर पॅड (चिपची उष्णता कूलरला देणारी गादी) बदला. पॅडची जाडी मॉडेलनुसार वेगळी असते. जास्त जाड बसवला की कूलर उचलला जातो आणि जीपीयूचाच संपर्क सुटतो. खात्री नसेल तर थर्मल पुटी बरी.
कार्डाच्या ८-पिनच्या केबल पीएसयूपासून (पॉवर सप्लाय) वेगवेगळ्या आणा, एकाच केबलची दोन तोंडं नकोत.

पंचवटी_सिलिकॉन:
आता आवईबद्दल. बसची (मेमरी आणि जीपीयूमधल्या वाटेची) रुंदी भागिले ३२ म्हणजे एकाच बाजूला चिप असलेल्या कार्डावरची चिपची संख्या, गुणिले एका चिपचे जीबी. ५०८० चा बस २५६ बिट, म्हणजे ८ चिप. दोन जीबीच्या असतील तर १६, तीन जीबीच्या असतील तर २४. ५०७० चा १९२ बिट, म्हणजे १२ किंवा १८. तीन जीबीच्या चिप कल्पनेतल्या नाहीत, ५०९० च्या लॅपटॉप कार्डाचे २४ जीबी त्यांचेच आहेत. म्हणजे आकडा गणितात बसतो. पण गणितात बसलं म्हणून दुकानात येतंच असं नाही. २०२० मध्ये ३०८० च्या २० जीबीचा आकडाही चोख बसत होता, ते कार्ड बाजारात रीतसर आलंच नाही.
आणि ‘ईसीसी असणार’ ही अर्धवट बातमी. ५०८० च्या जीडीडीआर७ मेमरीच्या प्रत्येक चिपमध्ये ऑन-डाय (चिपच्या आतली) ईसीसी असतेच, साध्या ५०७० मध्येसुद्धा. चिपच्या आत एक बिट उलटला तर ती दुरुस्त करते. शिवाय कमांड-अ‍ॅड्रेसवर पॅरिटी (साधी चूक-तपासणी) आली. पण एनव्हिडिया-एसएमआयमध्ये चुकांची मोजदाद दाखवणारी, चालू-बंद करता येणारी ईसीसी वेगळी.

सातपूर_शेड:
आभार. मग जुनी ४०९० घेऊन ईसीसी चालू केली तर २४ जीबी पूर्ण मिळेल का?

पंचवटी_सिलिकॉन:
नाही. जीडीडीआर६ आणि ६एक्स मध्ये ईसीसीचे बिट त्याच मेमरीत ठेवतात, साधारण १/१६ जातं. २४ चे साडेबावीस धरा, बँडविड्थही थोडी घटते. एनव्हिडिया-एसएमआयला -ई १ द्या, रीस्टार्ट करा, मग -क्यू -डी ईसीसी ने मोजदाद बघा. डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या नोंदींत) एक्सआयडी (एनव्हिडियाचा त्रुटी क्रमांक) ४८ दिसला तर दोन बिट एकदम गेले, ते दुरुस्त होत नाहीत.
पण छाटणी तोंडावर असताना आत्ताच कार्ड बदलू नका, भाऊ. आधी बीएफ१६ आणि शून्य ऑफसेट.