शब्दचर्चा : दिव्यांग व्यक्तींचा ‘स्वानुभव’ आणि शासकीय धोरणाची मराठी

विचारणा : समाजकार्याची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

सोलापूर शहरातील यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या वस्त्यांमध्ये राहणाऱ्या दिव्यांग व्यक्तींशी सविस्तर बोलून, त्यांचे रोजच्या जगण्यातले अनुभव नोंदवून, त्यांवर आधारलेले टिपण महापालिकेला आणि जिल्हा परिषदेला सादर करण्याचा आमच्या अभ्यासगटाचा विचार आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. तो कशावर खर्च व्हावा हे ठरवताना या नोंदी विचारात घेतल्या जाव्यात, एवढाच आमचा हेतू आहे. इंग्रजी अभ्यासांत यासाठी ‘लिव्हड एक्स्पीरियन्स’ ही संज्ञा रूढ आहे. आमच्या मसुद्यात तिच्यासाठी कुठे ‘जिवंत अनुभव’ तर कुठे ‘जगलेला अनुभव’ असे आले आहे, आणि दोन्ही वाचताना खटकतात. धोरणाच्या मराठीत कोणता शब्द योग्य ठरेल, आणि जो शब्द आपण अधिकाऱ्यांपुढे ठेवू तोच ज्यांच्याविषयी लिहितो आहोत त्यांनाही कळेल का, यावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

उत्तर : निवृत्त मराठी अध्यापक, सोलापूर

ताई, आपल्याला खटकले ते रास्तच आहे. मराठीत अनुभव येतो, अनुभव घेतला जातो, अनुभव गाठीशी असतो. अनुभव कोणी ‘जगत’ नाही. जगण्याचे कर्म आयुष्य, दिवस, फार तर क्षण एवढेच असते. ‘जिवंत’ हे विशेषण झऱ्याला लागते, गणेशोत्सवातल्या देखाव्याला लागते, आणि त्यातून जो अर्थ निघतो तो हुबेहूबपणाचा किंवा चैतन्याचा असतो. ‘जिवंत अनुभव’ म्हटल्यावर वाचकाला एखादे रसरशीत वर्णन अपेक्षित राहील, आणि आपल्याला तर रेशन दुकानापर्यंत पोहोचण्यासाठी कोणाची किती वेळ वाट पाहावी लागते हे सांगायचे आहे.

‘प्रत्यक्ष अनुभव’ हा शब्द सोपा आहे, पण त्यात अनुभव घेणारा कोण हे ठरत नाही. प्रत्यक्ष पाहणी अधिकारीही करतात, प्रत्यक्ष भेट स्वयंसेवकही देतात. आपल्याला ज्या अनुभवाविषयी बोलायचे आहे तो भेट देणाऱ्याचा नाही.

एका शब्दाचा मी बराच विचार केला आणि अखेर तो बाजूला ठेवला, त्याचे कारण सांगायला हवे. १९७० च्या दशकात दलित साहित्याच्या चर्चेने ‘भोगलेले’ या शब्दाला मराठीत फार मोठे वजन मिळवून दिले. दुरून पाहिलेले दुःख आणि अंगावर आलेले दुःख यांतला फरक त्या पिढीने या एका शब्दाने मराठी वाचकाला समजावला, आणि ‘आत्मचरित्र’ सोडून ‘आत्मकथन’ हा शब्द निवडण्यामागेही हीच जाण होती. तरीही दिव्यांगत्वाच्या संदर्भात ‘भोगलेले’ वापरणे मला धोक्याचे वाटते. ‘भोग’ हा शब्द आपल्या घराघरांत अजून कर्माशी जोडलेला आहे. मूल पाय अधू घेऊन जन्माला आले की ‘मागच्या जन्माचे भोग’ असे म्हणणारी माणसे आजही भेटतात. जे धोरणाने बदलता येते ते प्राक्तनाच्या खात्यावर टाकणारा शब्द धोरणाच्या कागदावर येऊ नये. शिवाय दिव्यांग व्यक्तीचे सारे आयुष्य म्हणजे दुःखच, असेही त्यातून ध्वनित होते, आणि ते खरे नाही.

उरतो ‘स्वानुभव’. तो जुना आहे, मराठीत मुरलेला आहे, कानाला परका लागत नाही, आणि त्यातला ‘स्व’ अनुभवाचा धनी कोण हे स्पष्ट करतो. ‘स्वानुभवाधारित संशोधन’ हा समास थोडा लांब होतो, पण शासकीय मराठीला लांब समासांची सवय आहे. बोलताना ‘ज्याचे जळते त्याला कळते’ ही म्हण सांगितली तरी वस्तीतल्या कोणालाही नेमका मुद्दा कळेल.

माझा खरा आग्रह मात्र यापुढचा आहे. शासकीय मराठीत लोकांच्या बोलण्याला ठरलेले कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्प्याला ठरलेले क्रियापद आहे. तक्रार निकाली काढतात, निवेदन स्वीकारतात, सूचनेची नोंद घेतात, अभिप्राय मागवतात. निष्कर्ष मात्र मान्य किंवा अमान्य करावा लागतो, आणि अमान्य करायचा तर नस्तीवर, म्हणजे फाइलवर, कारण लिहावे लागते. एखाद्या अंध प्रवाशाने बसमध्ये थांब्याचे नाव पुकारले जात नाही असे एकट्याने सांगितले की ती तक्रार होते; तिला उत्तर जाते आणि ती मिटते. तेच अनेक अंध प्रवाशांकडून, ठरवलेल्या पद्धतीने, वेगवेगळ्या मार्गांवर आणि वेगवेगळ्या वेळी नोंदवून घेतले तर तो बससेवेच्या रचनेविषयीचा निष्कर्ष होतो. बोलणारी माणसे तीच, बोलणेही तेच. कप्पा बदलला की त्याचे पुढे काय होणार हे बदलते. म्हणून आपल्या टिपणात ‘समस्या’, ‘अडीअडचणी’, ‘तक्रारी’ आणि ‘व्यथा’ हे शब्द शीर्षकांत येऊ देऊ नका. ‘स्वानुभवातून निघालेले निष्कर्ष’ असे शीर्षक द्या.

शंका : निवृत्त शासकीय कर्मचारी, पंढरपूर

सरांचे विवेचन पटले, तरी कार्यालयात आयुष्य गेल्यामुळे एक शंका मांडतो. धोरणाला आकडा लागतो. अंदाजपत्रकात तरतूद करताना ‘अनेकांनी सांगितले’ हे पुरत नाही. किती जणांना, किती रकमेचे, कोणत्या लेखाशीर्षाखाली, असे विचारले जाते. स्वानुभव हा एकेकट्याचा असतो. मग जनगणनेचे आकडे हाती असताना या नोंदींचे स्थान नेमके काय? त्या आकड्यांना पूरक, की त्यांच्या जागी?

उत्तर : निवृत्त मराठी अध्यापक, सोलापूर

शंका योग्य आहे, आणि तिचे उत्तर आकड्यांच्याच पोटात आहे. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के व्यक्ती दिव्यांग म्हणून नोंदल्या गेल्या. महाराष्ट्रात ही संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार होती. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणातही प्रमाण २.२ टक्केच निघाले. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अंदाज मात्र जगातील १६ टक्के लोकसंख्येला लक्षणीय स्वरूपाचे दिव्यांगत्व आहे, असा आहे. एवढी तफावत कशी पडते? व्याख्या वेगळ्या आहेत हे एक कारण, आणि प्रश्न कसा विचारला हे दुसरे. घरातल्या कर्त्या माणसाला ‘घरात कोणी अपंग आहे का?’ असे विचारले की उत्तर बहुधा नकारार्थी येते, कारण त्या शब्दाला चिकटलेला कमीपणा त्याला आपल्या घरावर नको असतो. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाच्या पुढाकाराने दिव्यांगत्वाच्या मोजणीसाठी २००१ मध्ये स्थापन झालेल्या वॉशिंग्टन गटाने म्हणून प्रश्नाची घडणच बदलली. त्यांच्या लघुसंचातले ६ प्रश्न पाहणे, ऐकणे, चालणे, लक्षात ठेवणे, स्वतःची कामे स्वतः करणे आणि इतरांशी संवाद साधणे यांविषयी आहेत, आणि प्रत्येकाला ‘अडचण नाही’, ‘थोडी अडचण’, ‘खूप अडचण’ व ‘मुळीच जमत नाही’ अशी उत्तरे आहेत. ‘अपंग’ हा शब्द त्यात कुठेही येत नाही.

सोलापुरात या फरकाचे महत्त्व चटकन कळते. वर्षानुवर्षे यंत्रमागाच्या खडखडाटात उभे राहिलेल्या कामगाराचे कान अधू होतात. त्याला ‘तुम्हाला श्रवणदोष आहे का?’ असे विचारा, तो नाही म्हणेल. वय झाले की कमी ऐकू येणारच, असे त्याला वाटते. ‘शेजारच्याशी बोलताना त्याला पुन्हा सांगायला लावावे लागते का?’ असे विचारा, आणि घरातली नातवंडेच त्याच्या वतीने उत्तर देतील. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार ऐकू कमी येणारी व्यक्ती ठरण्यासाठी दोन्ही कानांत किमान ६० डेसिबल श्रवणऱ्हास लागतो, म्हणजे त्याखालचा कामगार कायद्याच्या मोजणीत येतच नाही. त्याची अडचण मात्र रस्ता ओलांडताना, बँकेत, दवाखान्यात रोज येते.

थोडक्यात, आधी स्वानुभव नीट ऐकला तरच काय मोजायचे हे कळते, आणि मोजल्यानंतर आलेल्या आकड्याचा अर्थ लावायलाही पुन्हा त्याच माणसांकडे जावे लागते. पूरक की पर्यायी, असा प्रश्न मग राहत नाही. स्वानुभव मोजणीच्या आधीही लागतो आणि नंतरही.

आणखी एक शब्दजोडी लक्षात ठेवावी. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थित केला. त्याच्या कलम ४ मधील तिसऱ्या खंडानुसार शासनाने कायदे व धोरणे आखताना दिव्यांग व्यक्तींशी त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांमार्फत निकटची सल्लामसलतही करायची आहे आणि त्यांना सक्रिय सहभागही द्यायचा आहे. आपल्या परिपत्रकांत ही दोन कर्तव्ये ‘चर्चा करण्यात आली’ या एका वाक्यात मिटतात. सल्ला घेणारा अखेरचा निर्णय स्वतःकडे ठेवतो. सहभाग दिला की निर्णयाच्या मेजावर जागा द्यावी लागते.

पुरवणी : चाकाची खुर्ची वापरणारा लेखापाल, सोलापूर

आपल्या चर्चेत दोन गोष्टींची भर घालतो. मी गावातल्या एका कार्यालयात नियमित जातो. तिथल्या तपासणी तक्त्यात ‘रॅम्प : आहे’ अशी नोंद आहे, आणि ती खोटी नाही. मात्र रॅम्प संपतो तिथे चार बोटे उंचीचा उंबरठा आहे, आणि त्यापुढचे जाळीचे दार कुलूपबंद असते, किल्ली शिपायाकडे असते. मानकानुसार चढ १२ ला १ (लांबीच्या १२ भागांना उंचीचा १ भाग) यापेक्षा तीव्र असू नये, हे कंत्राटदाराला ठाऊक असते. उंबरठा आणि कुलूप ही मोजपट्टीत न येणारी माहिती फक्त खुर्चीवरून जाणाऱ्याकडे असते. तक्त्यातला ‘आहे’ हा शब्द बदलून तिथे ‘कोणाच्याही मदतीशिवाय आत जाता येते का?’ असा प्रश्न आला तर त्याच कार्यालयाचे उत्तर बदलेल. मला हवा असलेला धोरणबदल एवढ्या लहान वाक्यात बसतो.

दुसरी गोष्ट, असे संशोधन निर्णयापर्यंत पोहोचल्याचे उदाहरण आपल्या शेजारच्याच हैदराबादचे आहे. याचिकाकर्ते राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातील दिव्यांगत्व अभ्यास केंद्राकडून सुगम्यतेच्या, म्हणजे इमारती, वाहने आणि सेवा दिव्यांगांना वापरता येण्याच्या, स्थितीचा अहवाल मागवला. त्या केंद्राने दिव्यांग व्यक्तींचे अनुभव विचारात घेऊन अहवाल दिला, आणि ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने २०१६ च्या अधिनियमाखालील २०१७ च्या नियमांतील नियम १५(१) त्या अधिनियमाशी विसंगत ठरवला. कारण ऐकण्यासारखे आहे: अधिनियमाने सुगम्यता बंधनकारक केली असताना नियमांनी मात्र ती केवळ शिफारशींच्या स्वरूपात ठेवली होती. किमान बंधनकारक मानके कोणती ते ३ महिन्यांत निश्चित करावे, असे निर्देश केंद्र सरकारला देण्यात आले. सरांनी सांगितलेल्या कप्प्यांत ‘शिफारस’ हाही शब्द घालावा, कारण ‘बंधनकारक’ आणि ‘शिफारस’ यांच्यामधल्या पोकळीत आमची वर्षे गेली आहेत.

‘दिव्यांग’ या शब्दाविषयी कोणी विचारील म्हणून आधीच लिहितो. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी तो सुचवला आणि आता तो कायद्याच्या मराठी नावात, शासनाच्या विभागाच्या नावात आहे, म्हणून अर्जात तोच वापरावा. माझ्या अनेक मित्रांना तो आवडतो. मला स्वतःला ‘अपंग’ हा साधा शब्द पुरतो, कारण माझ्या अंगात दिव्य असे काही नाही आणि मला तसे काही सिद्धही करायचे नाही. सरांनी सांगितलेल्या हक्क-कराराच्या अंमलावर लक्ष ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही २०१९ मध्ये भारताविषयीच्या आपल्या निरीक्षणांत या शब्दावर आक्षेप नोंदवला होता. ताई, आपण ज्यांच्याशी बोलाल त्यांना त्यांचा शब्द विचारा आणि त्यांच्या बोलण्याची नोंद करताना तोच ठेवा.

विचारणाकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शीर्षक बदलले आहे. एक प्रश्न उरतो. मुलाखत देणाऱ्यांना टिपणात काय म्हणावे? ‘लाभार्थी’ हा शब्द आम्ही काढला आहे, कारण ते अजून कशाचेही लाभार्थी नाहीत. ‘उत्तरदाते’ हा संशोधनातला रूढ शब्द आहे, पण तो कोरडा वाटतो. शिवाय वस्तीत तेलुगू आणि कन्नड बोलणारी कुटुंबे बरीच आहेत, त्यामुळे संमतिपत्र मराठीत वाचून दाखवून खाली अंगठा घेणे पुरेसे आहे का, याचीही काळजी वाटते.

उत्तर : निवृत्त मराठी अध्यापक, सोलापूर

संमतीबाबत आधी सांगतो, कारण तिथे कायदा स्पष्ट आहे. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ६ नुसार दिव्यांग व्यक्तीला संशोधनाचा विषय करायचे असेल तर तिची मुक्त आणि माहितीपूर्वक संमती तिला समजेल अशा साधनांनी आणि स्वरूपात घ्यावी लागते. शिवाय ज्या समितीची पूर्वपरवानगी लागते तिचे निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः दिव्यांग असावे लागतात किंवा दिव्यांगत्वाशी संबंधित नोंदणीकृत संस्थेचे सदस्य असावे लागतात. म्हणून मराठी मजकुरावर घेतलेला तेलुगूभाषक आजींचा अंगठा ही संमती नव्हे. मजकूर त्यांच्या भाषेत, बहिऱ्या व्यक्तीसाठी सांकेतिक भाषेत, बौद्धिक दिव्यांग व्यक्तीसाठी सोप्या छोट्या वाक्यांत आणि चित्रांसह द्यावा, आणि ‘नाही’ म्हटले तरी कोणतीही योजना थांबणार नाही, हे वाक्य सर्वांत आधी यावे. पेन्शन बंद होईल या भीतीने दिलेला होकार वस्तीत फार सहज मिळतो. परवानगीच्या अटीसाठी आपल्या मार्गदर्शक प्राध्यापकांमार्फत सुरुवातीलाच विचारणा करा. मुलाखती झाल्यावर नव्हे.

शब्दाविषयी म्हणाल तर ‘उत्तरदाता’ चुकीचा नाही, पण त्यात प्रश्न आपले आणि उत्तरे त्यांची अशी वाटणी आधीच झालेली असते. मराठीत ‘माहितगार’ असा चांगला शब्द आहे. वाटाड्या माहितगार असतो, जुना कारागीर माहितगार असतो. ज्याला विचारल्याशिवाय पुढे जाणे शहाणपणाचे नाही, तो माहितगार. आणि ज्या दिव्यांग व्यक्ती प्रश्नावली तयार करण्यात, मुलाखती घेण्यात किंवा निष्कर्ष तपासण्यात आपल्याबरोबर असतील त्यांना ‘सहसंशोधक’ म्हणा, त्यांची नावे त्यांच्या इच्छेने पहिल्या पानावर द्या, आणि त्यांच्या वेळेचे मानधन खर्चाच्या तक्त्यात वेगळ्या ओळीत दाखवा.

टिपणाचे पहिले वाक्य असे सुचवतो, आपण सारे मिळून ते दुरुस्त करावे: ‘सोलापूर शहरातील दिव्यांग माहितगारांनी आणि सहसंशोधकांनी स्वानुभवाधारित संशोधनातून काढलेले निष्कर्ष पुढे मांडले आहेत, ५ टक्के निधीच्या विनियोगाचा निर्णय घेताना प्रत्येक निष्कर्ष मान्य किंवा अमान्य असल्याचे सकारण कळवावे, ही विनंती.’

पुरवणी : निवृत्त शासकीय कर्मचारी, पंढरपूर

‘ही विनंती’ काढावे आणि ‘सकारण कळवावे’ यापुढे दिनांक घालावा. दिनांक असलेल्या पत्राची नोंद आवक-जावक वहीत वेगळी होते, आणि पुढे स्मरणपत्र पाठवायला आधार मिळतो.