मदत हवी आहे: क्रूझच्या केबिनमध्ये सासूबाईंचे दागिने कुठे ठेवायचे?

रेवसलाँच

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात माझ्या सासूसासऱ्यांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. हॉल, केटरर, आहेर वगैरे नको म्हणाले दोघं, म्हणून सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ घेतली आहे. पिनांग, फुकेत करून परत सिंगापूर. आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई-बाबा. शेजारशेजारच्या दोन केबिन, मधे दार. माझा बोटीचा अनुभव म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.

एका संध्याकाळी सगळे नटूनथटून जेवायला जातात आणि फोटो काढतात, असं आईंना कुणीतरी सांगितलंय. तेव्हापासून त्यांचं ठरलंय: पैठणी, मोहनमाळ, मोठं मंगळसूत्र आणि हातात पाटल्या. पाटल्या त्यांच्या सासूबाईंनी घातलेल्या, चार तोळ्यांच्या. खोटं घालणार नाहीत. एक ग्रॅमवाल्यांचं नाव काढलं तर "पन्नासाव्या वर्षी पितळ घालू का?" म्हणाल्या. बाबांचं वेगळंच. त्यांना सगळे डॉलर रोख हवेत आणि ते कमरेच्या पाकिटात घेऊन झोपायचं आहे.

केबिनमध्ये तिजोरी असते म्हणे. ती कितपत भरवशाची? साफसफाईला रोज माणूस आत येतो, त्याचं काय? फुकेतला समुद्रावर जाताना सोनं बोटीवर ठेवायचं की अंगावर? आणि चेक-इनलाच पासपोर्ट काढून घेतात असं एजंट म्हणाला, हे खरं का? मला तर ऐकूनच धडकी भरली.

बेलापूरकर

सोनं बँकेच्या लॉकरमध्ये. प्रश्न मिटला.

रेवसलाँच

@बेलापूरकर, तुम्ही येऊन आईंना सांगता का? चहा-पोहे माझ्याकडून.

हातसडी

आम्ही दोन वर्षांपूर्वी हीच फेरी केली. पासपोर्टचं खरं आहे. आमचे मरीना बे क्रूझ सेंटरलाच घेतले आणि शेवटच्या दिवशी परत दिले. बंदरातल्या इमिग्रेशनसाठी लागतात. घाबरू नका, पण घरून निघतानाच प्रत्येकाच्या पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स काढून ठेवा आणि फोनमध्ये फोटोही ठेवा. खाली उतरताना बोटीचं कार्ड आणि झेरॉक्स एवढंच आमच्याकडे असायचं.

डॉलरचं बाबांना सांगा की बोटीवर रोख चालतच नाही. सुरुवातीला क्रेडिट कार्ड जोडून देतात किंवा थोडी रक्कम जमा करून घेतात, मग सगळं त्या प्लास्टिकच्या कार्डावर. तेच दाराची किल्ली, तेच पाकीट. रोख लागते ती खाली उतरल्यावर, टॅक्सी आणि शहाळ्यापुरती. तीही मलेशियात रिंगिट आणि थायलंडमध्ये बाट. कमरेचं पाकीट राहू द्या, त्यात डॉलर मात्र थोडेच.

तिजोरी आमची कपाटात होती, बुटांच्या खोक्याहून जरा मोठी. दागिने, फोन, पाकिटं मावली, लॅपटॉप नाही मावला.

सालसेतचो_तारवटी

ताई, मी गोव्याचा. आमच्याकडे बोटीवर काम करणाऱ्याला तारवटी म्हणतात. ११ वर्षं केबिन स्टुअर्ड होतो, आता घरी आहे. मराठी शाळेत शिकलो, चुकलं तर समजून घ्या.

साफसफाईला माणूस येतो त्याचं काय, हे सगळेच विचारतात. त्याचं उत्तर आधी देतो. माझ्याकडे १८ केबिन असायच्या. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दाराचं कुलूप इलेक्ट्रॉनिक असतं आणि कुठल्या कार्डाने किती वाजता उघडलं ते त्यात नोंदलं जातं. बाहेरच्या बोळात कॅमेरे. तक्रार आली की सिक्युरिटी ती नोंद काढते आणि पहिला बोलावतात तो मला. नोकरी गेली तर पुढच्या बंदरात उतरवून घरी पाठवतात आणि मग दुसरी कंपनीही घेत नाही. तुमच्या पाटल्यांसाठी कोण हा धोका घेईल? कुणीच घेत नाही असं म्हणत नाही, सगळीकडे सगळ्या प्रकारची माणसं असतात. पण माझ्या ११ वर्षांत ज्या वस्तू 'चोरीला गेल्या' त्यातल्या बहुतेक मीच शोधून दिल्या.

कुठे सापडल्या ते ऐका. तिजोरीवर विश्वास नाही म्हणून लोक लपवतात. उशीच्या अभ्र्यात बांगड्या ठेवतात. आम्ही अभ्रा बदलतो, ढीग करतो, गोणीत भरून खाली लाँड्रीत पाठवतो. एका बाईंचा हार मी आणि लाँड्रीतल्या पोराने दोन तास ओल्या टॉवेलांच्या ढिगात शोधला. म्हातारी माणसं दातांची कवळी टिश्यूत गुंडाळून बेसिनजवळ ठेवतात. टिश्यूचा बोळा आम्हाला कचराच दिसतो. कानाच्या मशीनचंही तसंच. तुमच्या बाबांकडे यातलं काही असेल तर त्याला डबी द्या.

घरी तांदळाच्या डब्यात ठेवलेलं चालतं, कारण डबा तुमचाच असतो. बोटीवरची चादर बोटीची.

तिजोरी वापरायची ती अशी. आधी रिकामी असताना, दार उघडं ठेवून कोड टाका. कडीचे दांडे बाहेर येतील. तोच कोड परत टाका, आत गेले पाहिजेत. असं दोनदा करा आणि मगच सामान ठेवा. बॅटरी कमी झाली असेल तर इथेच कळतं, लगेच रिसेप्शनला सांगा. हलवूनही पाहा, मागून फळीला पक्की हवी. काही जुन्या बोटींवर कोडऐवजी कार्ड घासायचं असतं. तिथे केबिनचं कार्ड वापरू नका. ते हरवलं तर दार आणि तिजोरी दोन्ही गेलं. मॉलचं पॉइंटवालं असतं ना, तसलं काळ्या पट्टीचं कुठलंही कार्ड चालतं.

मधल्या दाराचं पहिल्याच दिवशी बघा. तुमचं दार तुमच्याच दोन केबिनमध्ये उघडतं ना? तुमच्या पलीकडेही दुसऱ्या कुणाच्या केबिनला दार असेल तर त्याला कुलूप आहे का पाहा. आणि बाहेर पडताना मुख्य दार ओढून घ्या. जड असतं, सावकाश बंद होतं, कधी पूर्ण बसत नाही. मुलं तर धावतच सुटतात.

सोमवारपेठ

वा, तारवटीबाब, हा प्रतिसाद जपून ठेवला.

कलम_आणि_पोटकलम

मी विम्याच्या क्षेत्रात आहे, म्हणून थोडं कोरडं लिहितो.

समुद्रावरच्या प्रवाशांसाठी १९७४चा अथेन्स करार आहे. त्याच्या पाचव्या कलमाचा अर्थ असा: रोख, सोनं, दागिने हरवले तर जहाज कंपनी जबाबदार नाही, मात्र सुरक्षित ठेवण्यासाठी म्हणून ते कंपनीच्याच हवाली केले असतील तर जबाबदार, तेही मर्यादेतच. तुमच्या फेरीला तो करार लागू असो वा नसो, तिकिटामागच्या बारीक अक्षरातल्या अटी साधारण याच धर्तीच्या असतात. केबिनमधल्या तिजोरीत तुम्ही स्वतः ठेवलेलं म्हणजे कंपनीच्या हवाली केलेलं नव्हे. म्हणजे तिजोरी उघडझापीला चांगली, भरपाईला नाही. पाटल्यांइतकी मोठी चीज न्यायचीच असेल तर बोटीच्या रिसेप्शनवर विचारा. काही बोटी मोठ्या तिजोरीत ठेवून घेतात आणि पावती देतात. पावतीवर 'एक पाकीट' असं न लिहिता आत काय आहे ते लिहून घ्या.

तुमचा प्रवास विमाही वाचा. बहुतेक पॉलिसींत दागिने आणि रोख सरळ वगळलेले असतात. 'बॅगेज' या शब्दावर जाऊ नका. ते बहुधा विमान कंपनीच्या ताब्यात दिलेल्या बॅगेपुरतंच असतं. काही घरविम्यांत दागिन्यांना घराबाहेरही संरक्षण जोडून घेता येतं, पण ते परदेशात चालतं का ते लेखी विचारा. फोनवरचं 'हो सर' उपयोगाचं नाही.

आणि काही गेलंच तर बोटीवर असतानाच सिक्युरिटीकडे लेखी तक्रार करून त्याची प्रत घ्या. घरी येऊन मेल पाठवली तर ती नुसतीच फिरत राहते.

सोमवारपेठ

यात कस्टम्स राहिलं. सोनं भारतातून नेलेलंच परत आणतोय याचा पुरावा हवा. जाताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घेता येतं. त्यासाठी दागिने हातातल्या बॅगेत हवेत आणि वेळ हाताशी हवा. चेक-इनच्या रांगेत आठवून उपयोग नाही. जुन्या पाटल्यांची पावती कुठली असणार, म्हणून सराफाकडून वजन-शुद्धतेचा कागद करून न्या. फोटोही काढा, अंगावर घातलेले.

न्यूजर्सीची_वहिनी

इकडच्या बोटींबद्दल एक माहिती. अमेरिकेतून सुटणाऱ्या किंवा इथे संपणाऱ्या मोठ्या क्रूझना २०१०चा एक कायदा लागू आहे. १०,००० डॉलरहून जास्त किमतीची चोरी झाली तर कंपनीला एफबीआयला कळवावं लागतं. दाराला आतून बघायचं भोकही त्याच कायद्याने आलं. तुमच्या सिंगापूरच्या फेरीशी याचा संबंध नाही, पण इकडे कुणी कॅरिबियनला येणार असेल तर माहीत असावं. आमच्याकडे गेलं ते एवढंच: नवऱ्याचा गॉगल, बाल्कनीतून, वाऱ्याने. त्याला कुठलाही कायदा नाही.

सालसेतचो_तारवटी

@रेवसलाँच ताई, दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या.

खरा धोका पहिल्या आणि शेवटच्या दिवशी. पहिल्या दिवशी मोठ्या बॅगा टर्मिनलवर हमालाच्या हाती देता आणि त्या केबिनच्या दाराशी येतात दुपारी उशिरा, कधी संध्याकाळी. शेवटच्या रात्री उलटं. रंगीत टॅग लावून बॅगा बोळात ठेवायच्या असतात, रात्रभर त्या उघड्यावर. या दोन्ही वेळी सोनं, औषधं, कागद खांद्यावरच्या पिशवीत. बॅगेत नाही म्हणजे नाही.

दुसरं, शेवटच्या सकाळी घाई असते, बोटीवाले लवकर बाहेर काढतात, आणि लोक तिजोरी विसरून जातात. तुम्ही गेल्यावर दुपारी दुसरे लोक येणार. त्यावर जुना उपाय: शेवटच्या रात्री उद्या घालायची एक चप्पल तिजोरीत ठेवा. एकच. दुसरी खाली. एका चपलेवर कुणी घरी जात नाही.

फुकेतला पाटाँगच्या बाजूला बोट उभी केली तर लहान टेंडर बोटीने किनाऱ्यावर नेतात, चढता-उतरता हलते, म्हाताऱ्या माणसांना दोन्ही हात मोकळे हवेत. गळ्यात कार्ड, खिशात थोडे बाट, बस. पिशवी वाळूवर ठेवून सगळे एकदम पाण्यात जाऊ नका, कुणीतरी बसा.

रेवसलाँच

सगळ्यांचे मनापासून आभार. लाँड्रीची गोष्ट आईंना वाचून दाखवली. दोन मिनिटं गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बरं, मोठं मंगळसूत्र राहू दे." म्हणजे तडजोड झाली: मोठं मंगळसूत्र लॉकरमध्ये, रोजचं लहान गळ्यात, मोहनमाळ येणार आणि पाटल्यांवर चर्चा चालू आहे. जाऊन आल्यावर इथेच लिहीन.

बेलापूरकर

मोहनमाळही लॉकरमध्ये. मी अजून ठाम आहे.

रेवसलाँच

आलो परत! धागा वर काढते.

आधी पाटल्या. निघायच्या आदल्या रात्री त्या लॉकरात ठेवायला आई अखेर तयार झाल्या आणि पाटल्या हातातून निघेनात. साबण, खोबरेल तेल, शेवटी प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून पाहिली. मनगट लाल झालं. ३० वर्षांत निघाल्या नव्हत्या, आता काय निघणार. त्यामुळे पाचही दिवस त्या जागच्या जागी होत्या आणि आमच्याकडच्या सगळ्या सामानात त्यांचीच काळजी कमी होती. कस्टम्सचा कागद मात्र केला होता. सराफाने त्या हातावरच शुद्धता तपासली आणि वजन जुन्या वहीतून घेतलं. परतीला कुणी विचारलं नाही.

मोहनमाळ तिजोरीत. दांडे बाहेर-आत दोनदा करून पाहिले आणि मगच ठेवली. पासपोर्ट बोटवाल्यांकडे होते, शेवटच्या दिवशी नीट मिळाले. बाबांच्या कानाच्या मशीनला स्टीलची डबी दिली होती. ती ते दर तासाला उघडून बघायचे. हरवलं काय, तर धाकट्याची टोपी, बाल्कनीतून. वहिनी, तुमच्या घरच्या गॉगलची आठवण काढली.

आता खरी गंमत. आई-बाबांच्या केबिनची तिजोरी बाबांनी लावली होती. फोटोच्या संध्याकाळी आई पैठणी नेसून तयार, आणि तिजोरी उघडेना. तीन-चारदा चुकीचा कोड गेल्यावर तिने कोड घेणंच बंद केलं. रिसेप्शनला फोन केला. सिक्युरिटीचा माणूस आला, आधी बाबांचं कार्ड पाहिलं, नाव जुळवलं, आत काय आहे ते विचारलं, मग हातातलं छोटं यंत्र लावून उघडली आणि वहीत बाबांची सही घेतली. सगळं पाच मिनिटांत.

तो गेल्यावर आईंनी विचारलं, कोड काय ठेवला होता? बाबा म्हणाले, "आपल्या लग्नाची तारीख."

पन्नासाव्या वाढदिवसाच्या फोटोत आई बाबांकडे बघत नाहीयेत. मोहनमाळ मात्र छान आली आहे.