घराचं थ्रीडी मॉडेल स्वतः करताना: तुमचे अनुभव सांगा

ओसरी

घर बांधायचं, वाढवायचं किंवा नुसती कपाटांची हलवाहलव करायची म्हटली, तरी हल्ली बरेच जण ते आधी संगणकावर उभं करून बघतात. आर्किटेक्टची गरज त्यामुळे संपत नाही. पण त्यांच्यासमोर बसल्यावर ‘थोडं मोठं हवं’च्या पुढे काहीतरी बोलता येतं. तुम्ही हा उद्योग केला असेल तर इथे लिहा. ‘अमुक सॉफ्टवेअर भारी’ एवढंच नको, कुठे अडलं आणि कसं सुटलं ते हवं.

सुरुवात मी करते. मी स्वीट होम थ्रीडी वापरते. २००६ पासून आहे, फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. प्लॅनचं चित्र मागे लावून त्यावर भिंती गिरवता येतात. चित्र लावलं की सॉफ्टवेअर त्यातली एक ओळखीची लांबी विचारतं. पुष्कळ जण इथे दार धरतात, कारण ते तीन फुटांचं हे माहीत असतं. पण तीन फुटांत रेघ इंचभर सरकली तर तीस फुटांच्या घरात दहा इंचांची तफावत पडते. प्लॅनवर लिहिलेलं सगळ्यात लांब माप धरा. आणि फोनने तिरका काढलेला फोटो नको, स्कॅनच हवा.

दुसरं, पहिली भिंत काढण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन एकक, भिंतीची जाडी आणि उंची बदलून घ्या. नंतर बदललेली जाडी-उंची फक्त नव्या भिंतींना लागू होते. आपली नऊ इंची भिंत प्लास्टरसकट दहाच्या पुढे जाते, साडेचार इंचीची साडेपाच होते. फ्लॅटमध्ये ब्लॉकच्या भिंती याहून बारीक असतात, तेव्हा टेप लावून बघा.

पेठेतला

साताऱ्याकडचा आमचा जुना वाडा मी असाच उभा केला. वाड्यात एकही कोपरा काटकोनात नसतो हे टेप हातात घेतल्यावर कळतं. माजघराच्या चारही भिंती मोजल्या तरी खोली ठरत नाही, तीच मापं घेऊन ती इकडे किंवा तिकडे झुकू शकते. दोन्ही कर्ण मोजायचेच. एका कर्णाने खोलीचे दोन त्रिकोण होतात, दुसरा पडताळ्यासाठी. मी ते कंपास घेऊन शाळेतल्यासारखे कागदावर काढले आणि तोच कागद स्कॅन करून मागे लावला.

पुढची मेख म्हणजे स्वीट होममध्ये मॅग्नेटिझम (रेघ आपोआप ठरावीक जागी चिकटवणारी सोय) चालू असेल तर भिंत पंधरा-पंधरा अंशांच्या टप्प्यांवर ओढली जाते. वाड्यातली सत्त्याऐंशी अंशांची भिंत गुपचूप नव्वदची होते, आणि शेवटच्या खोलीत गेल्यावर प्लॅन जुळत नाही. जुन्या घरासाठी ते आधी बंद करा. भिंत ओढताना एंटर दाबलं की लांबी आणि कोन आकड्यांत टाकता येतात.

कोनाड्यांचा प्रश्न येतोच. खिडकी बसवली की भिंतीला आरपार भोक पडतं, कोनाडा मात्र अर्ध्यातच संपतो. तेव्हा दोन फुटी भिंत एकाला एक चिकटलेल्या दोन भिंतींची करायची आणि फक्त आतल्या भिंतीला रिकामी चौकट लावायची. बाहेरून भिंत सलग, आतून देवाचा कोनाडा.

नवा_गडी

वाडा वगैरे आपल्या नशिबी नाही, साधा टू बीएचके आहे. सगळ्या खोल्या आखल्या, सॉफ्टवेअरने दाखवलेल्या क्षेत्रफळांची बेरीज केली, तर ती करारनाम्यातल्या कार्पेट एरियापेक्षा कमी येतेय. बिल्डरने चुना लावला म्हणायचा का?

नऊ_इंची

@नवा_गडी, भांडायला जाण्याआधी हे बघा. २०१६ च्या रेरा कायद्यातल्या व्याख्येत बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी, उघडी गच्ची हे कार्पेटमध्ये धरत नाहीत. पण आतल्या पार्टिशन भिंतींखालची जागा धरतात. सॉफ्टवेअर खोली मोजतं ती भिंतीच्या आतल्या कडेपासून, म्हणजे पार्टिशन त्यातून गळतात. पार्टिशनची एकूण लांबी चाळीस फूट आणि जाडी पाच इंच धरली तरी सुमारे सतरा चौरस फूट होतात. तेवढे मिळवा आणि बाल्कनी बेरजेत घेतली असेल तर वजा करा. करारनामा चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६४ ने गुणा, नुसत्या दहाने नको. एवढं करूनही तफावत राहिली तर मग बोलायला जागा आहे.

लाल_चिरा

कोकणातल्या कौलारू घरासाठी स्वीट होम छपरापाशी दमतं, म्हणून मी स्केचअपवर गेलो. ब्राउझरमधली फुकट आवृत्ती घरगुती कामाला पुरते.

तिथला पहिला नियम: भिंत काढली की लगेच ग्रुप करा, म्हणजे तिचे सगळे भाग एकत्र बांधून वेगळे ठेवा. दोन सुटे आकार एकमेकांना टेकले की चिकटतात, आणि मग छप्पर हलवायला जावं तर भिंतीही ताणल्या जातात. वासे कॉम्पोनंट, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या नकला, म्हणून करा. एकाचं टोक कापलं की सगळ्यांचं कापलं जातं. कौलं मात्र एकेक करत बसू नका, लॅपटॉप मान टाकतो. पाखं सपाट ठेवून त्यावर कौलांचं टेक्श्चर, म्हणजे नुसतं चित्र, पसरा.

मॉडेलचा खरा उपयोग झाला तो पागोळ्यांपाशी. पाऊस भिंतीवर येऊ नये म्हणून छप्पर तीन फूट बाहेर काढायचं होतं, उतार तीस अंशांचा. कागदावरच्या प्लॅनमध्ये ते छान दिसतं. पण छप्पर बाहेर येताना खालीही येतं. तीन फुटांमागे जवळजवळ पावणेदोन फूट. भिंत आठ फुटांची, म्हणजे कडेचा वासा सव्वासहा फुटांवर! आमच्याकडची उंच मंडळी अंगणातून पडवीत येताना रोज कपाळमोक्ष करून घेतील. मॉडेलमध्ये माणसाची आकृती उभी केली तेव्हा घरच्यांना ते पटलं, आणि जोत्यावरच्या भिंती दोन चिरे वाढवायचं ठरलं. तेव्हा स्केचअप उघडल्यावर दिसणारी माणसाची आकृती उडवून टाकू नका. तिला दारात, पडवीत, जिन्याखाली फिरवा.

मावळतीचं_ऊन

मी मॉडेल केलं ते फक्त उन्हासाठी. पश्चिमेची बेडरूम, मे महिना, पुणे. बाकी काही सांगायला नको.

स्वीट होममध्ये प्लॅनवरच्या होकायंत्रावर डबल क्लिक केलं की गाव, वेळ-क्षेत्र आणि उत्तर दिशा भरता येते. हे न भरता लोक सुंदर सावल्या बघत बसतात आणि त्या भलत्याच शहराच्या असतात. उत्तरेचा कोन गुगलच्या नकाशावर इमारतीची कड बघून घ्या. फोनचं होकायंत्र स्लॅबमधल्या लोखंडाजवळ काहीही सांगतं.

भरलेलं बरोबर आहे का हे तपासायची एक युक्ती आहे. पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर असतो. मॉडेलमध्ये मोकळ्यावर एक खांब उभा करा, १३ किंवा १४ मे तारीख द्या. भर दुपारी सावली खांबाच्या पायाशी गोळा झाली पाहिजे. फक्त वेळ बाराची नको, साडेबाराची टाका, कारण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला.

मग मेमधली दुपारची चार आणि पाचची चित्रं काढली. खिडकीवरच्या छज्ज्याचा या उन्हाला काही उपयोग नाही हे सरळ दिसलं, सूर्य तोवर खाली आलेला असतो. छज्जा वाढवायचा बेत रद्द करून बाहेरून बांबूचा पडदा लावला.

एडिसनकर

इथे न्यू जर्सीत घरं लाकडी चौकटीची. ‘टू बाय फोर’ म्हणतात ती पट्टी चाराच्या बाजूने प्रत्यक्षात साडेतीन इंच भरते. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच ड्रायवॉल धरला की आतली भिंत साडेचार इंच. म्हणजे न प्लास्टर केलेली आपली साडेचार इंचीच! नावातले आकडे तसेच टाकू नका, एवढंच.

फोडणी

तयार फर्निचरवर विश्वास नको. त्यातली स्वयंपाकघरं युरोपीय वळणाची. मी ओटा साध्या ठोकळ्यांतून केला, उंची आमच्या सासूबाईंच्या कोपराला विचारून. सिलिंडरसाठी फूटभर व्यासाचा, दोन फूट उंचीचा दंडगोल ठेवला, शेजारी भरलेला दुसराही. दुसरा ठेवल्याबरोबर ट्रॉलीचा एक अख्खा कप्पा गेला. फ्रिज, कपाट यांची दारं उघडी धरून पुढे तेवढा चौकोन आखा. ट्रॉल्याही बाहेर ओढलेल्या दाखवा.

ओसरी

@फोडणी, कोपराला विचारून हे झकास! माझ्याकडून जिन्याचं एक राहिलं. तयार जिना ताणून मजल्याच्या उंचीला बसवला की पायऱ्यांची संख्या तीच राहते आणि प्रत्येक पायरी उंच होते. चित्रात कळत नाही, गुडघ्यांना कळतं. मजल्याची उंची भागिले पायऱ्या करून बघा. दहा फुटांना सात इंची पायरी हवी तर सतरा उठाव (उभ्या चढण्या) लागतात, त्यांच्यामध्ये पाऊल टेकायचे सोळा पाय येतात, आणि दहा इंचांचा एक पाय धरला तर सरळ जिन्याला तेरा फूट चार इंच लांबी. एवढी जागा नसेल तर जिना वळवा, पायरी चढी करू नका.

@लाल_चिरा, चौपाखी छपराचे कोनवासे कसे जुळवलेत? आमच्या पडवीपाशी तेच अडलंय.