मदत हवी आहे: संगणकाच्या १२५ वॅटच्या प्रोसेसरसाठी कूलर बनवतोय
मंडळी, मे महिन्यात बडोद्यात पारा ४२ अंशांवर जातो आणि खोलीत एसी नाही, म्हणून प्रोसेसर हवेने थंड ठेवणारा, वर्षानुवर्षं टिकेल असा कूलर स्वतःच बनवतोय. तांब्याचा बेस, ६ मिमीच्या चार हीट पाइप (आतल्या थोड्या द्रवाच्या वाफेने उष्णता वाहून नेणाऱ्या बंद नळ्या), ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. (सगळाच तांब्याचा केला तर मदरबोर्डवर फार भार येईल.) अडलंय ते जोडणीत. पट्ट्या नुसत्या दाबून बसवल्या तर तापून-थंड होऊन सैल पडतील अशी भीती; डाग द्यावा तर ॲल्युमिनियम सहजी धरत नाही, आधी निकेलचा मुलामा हवा. जास्त तापवलं तर आतल्या वाफेने पाइप फुगतो. डाग द्यायला १३८ अंशांवर वितळणारा कथील-बिस्मथचा मिश्रधातू चालेल का? आणि इथल्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) थोड्याच नगांना निकेल प्लेटिंग कोण करून देतं? पंखा मात्र फ्लुइड बेअरिंगचाच (तेलाच्या थरावर फिरणारा) घेणार, त्यावर वाद नको.