ठाणे जिल्ह्याला स्वतंत्र ‘सुरक्षित ठिकाण’ हवंच का?

कोपरीकर
हवंच. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 49 म्हणतं, राज्यात किमान एक सुरक्षित ठिकाण असावं. तिथे कोण? 16 ते 18 वयाची, किमान 7 वर्षं शिक्षा असलेल्या गुन्ह्यातली मुलं आणि अठरा ओलांडलेले. किमान एक म्हणजे एकच नव्हे! आपल्या जिल्ह्याचं निरीक्षण गृह, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात ते, भिवंडीत. खुनाच्या आरोपातला साडेसतरा वर्षांचा आणि मोबाइलचोरीतला तेरा वर्षांचा एका आवारात आले, की आतला ‘भाई’ कोण हे आठवड्यात ठरतं. टीटीसी या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात 50 मुलांची वेगळी इमारत उभारा. 25 जणांना 1000 चौरस फुटांची खोली, म्हणजे डोक्यामागे 40.

खाडीपलीकडचा
चौरस फूट मोजून मूल सुधारत नाही, साहेब. शाळेचं बोला. निरीक्षण गृहातला मुक्काम जामिनापर्यंतचा, आणि जामीन कधी होईल सांगता येत नाही. बाहेरून दहावीला बसायचा 17 नंबरचा फॉर्म भरायची मुदत ठरलेली. मुलगा नंतर आला तर वर्ष गेलं. मुदतीत भरला आणि मध्येच सुटला, तर हॉल तिकीट गृहात आणि पोरगा कळव्यात.

कोपरीकर
म्हणून एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय घ्या. परीक्षा वर्षातून दोनदा, पाच वर्षं नोंदणी चालते, सुटलेले विषय जमा राहतात. आणि मुक्काम अनिश्चित ही तुमचीच तक्रार ना? बाल न्यायालयाने दोषी ठरवलेला मुलगा सुरक्षित ठिकाणी 21 पर्यंत राहू शकतो. तेवढ्यात आयटीआयचा दोन वर्षांचा फिटर पुरा होतो. मात्र आतल्या वर्गाला आयटीआयची संलग्नता हवी, नाहीतर आतल्या शिवणकामाच्या कागदाला रबाळ्याच्या कारखान्यांत कोण विचारतो?

वाशीची ताई
शाळेच्या दाखल्यावर संस्थेचा पत्ता छापून येतो तेव्हा? ओळख उघड करायला कलम 74 मनाई करतं, सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी कारकून सवयीने ‘निरीक्षण गृह’ लिहून मोकळा. नोंदणी जवळच्या नियमित शाळेच्या नावाने करा, एवढं साधं आहे.

खाडीपलीकडचा
ताईंचं पटलं. पण कोपरीकर, 21 व्या वर्षी काय होतं तेही सांगा की. मुलगा सुधारला का हे कलम 20 खाली बाल न्यायालय तपासतं. नाही वाटलं तर उरलेली शिक्षा तुरुंगात. न्यायालयापुढे जातो तो परिवीक्षा अधिकाऱ्याचा, म्हणजे मुलावर देखरेख ठेवणाऱ्याचा, वगैरे दरवर्षीचा पाठपुरावा अहवाल. ज्या अधिकाऱ्याच्या गळ्यात आधीच ढीगभर प्रकरणं, तो मुलाच्या घरच्या परिस्थितीचा पंधरा दिवसांत द्यायचा सामाजिक तपास अहवालही घरी न जाता ‘संगत वाईट’ लिहून उरकतो. तुमचा फिटर वर्कशॉपमध्ये काय शिकला, हे त्या कागदावर कोण लिहिणार? आधी पदं भरा.

कोपरीकर
पदं भरा, मान्य. पण ती भरेपर्यंत तेरा वर्षांचा त्या ‘भाई’शेजारीच झोपणार का?